‘कॉप किलर’ ते डिटेक्टिव्ह फिन: आइस-टीच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

२८ जुलै १९९२ रोजी अमेरिकी रॅपर आइस-टीने पत्रकार परिषद बोलावली आणि ‘बॉडी काउंट’ या आपल्या बँडच्या पहिल्याच अल्बममधून ‘कॉप किलर’ (म्हणजे ‘पोलिसांचा खुनी’) हे गाणं काढून घेत असल्याचं जाहीर केलं. तोवर अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल त्याच्यावर तुटून पडले होते. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी अशी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांना सुनावलं होतं. टेक्ससमधल्या पोलिस संघटनांनी अल्बममागच्या टाइम वॉर्नर या कंपनीवर बहिष्कार पुकारला होता. आठ वर्षांनी, २०००च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झालेल्या हंगामात, हाच माणूस एनबीसी वाहिनीवर न्यूयॉर्क पोलिसांचा बिल्ला लावून उभा राहिला. मालिका ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’, पात्राचं नाव डिटेक्टिव्ह ओडाफिन टुटुओला, सगळ्यांसाठी ‘फिन’. ठरलं होतं चार एपिसोडपुरतं. ते काम पाव शतक चाललं.

ही गोष्ट सांगणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांना ती गंमत वाटते: पोलिसांना शिव्या घालणारा शेवटी पोलिसच झाला. दुसऱ्यांना ती फितुरी वाटते: पैसा दिसला, माणूस विकला गेला. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. आइस-टीने बाजू बदलली असं म्हणायला मधे कुठेतरी एक वळण सापडायला हवं, आणि त्याची कारकीर्द वर्षावार लावून पाहिली की ते वळण सापडतच नाही. सापडतं ते एकच कौशल्य, पहिल्या नोंदलेल्या रॅपपासून आजच्या एपिसोडपर्यंत पुरलेलं. ते कौशल्य म्हणजे दुसऱ्या कुणाचा ‘मी’ स्वतःच्या तोंडून बोलणं. १९९२ साली देशाने नेमकी हीच गोष्ट समजून घ्यायची नाकारली आणि टीव्हीने नेमक्या याच गोष्टीला पगार दिला.

पोरका मुलगा, उसनं नाव

ट्रेसी लॉरेन मॅरो हे त्याचं खरं नाव. जन्म १६ फेब्रुवारी १९५८, न्यू जर्सीमधल्या न्यूआर्कचा. वाढला जवळच्या समिट या बऱ्यापैकी खात्यापित्या गावात. तिसरीत असताना आई हृदयविकाराने गेली. पुढे काही वर्षांतच वडीलही त्याच दुखण्याने गेले. ते कन्व्हेयर बेल्टच्या कारखान्यात कामाला होते. भावंड नाही. नातेवाइकांनी त्याला लॉस एंजेलिसला एका आत्याकडे पाठवलं.

तिथे आतेभावाच्या खोलीत त्याची सोय झाली. भावाला रॉकचं वेड, रेडिओ दिवसभर रॉक स्टेशनवर लावलेला. कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका मुलाच्या कानात हेवी मेटल शिरलं ते असं. पुढे ‘बॉडी काउंट’ निघाला तेव्हा अनेकांना हा रॅपर गिटारवाल्यांत कुठून आला असं वाटलं, पण त्या आवाजाची मुळं या खोलीत आहेत. क्रेनशॉ हायस्कूलमध्ये त्याला अर्नी सी नावाचा गिटार वाजवणारा दोस्त भेटला. आणखीही काही जण तिथलेच. पंधराएक वर्षांनी बँड उभा राहिला तो याच शाळासोबत्यांचा.

क्रेनशॉ म्हणजे क्रिप्स टोळीचा मुलूख. तो टोळीच्या गोतावळ्यात वावरला, चोऱ्या केल्या, हे त्याने कधी लपवलेलं नाही. पण त्याला वेगळं काढणारी गोष्ट होती पाठांतर. रॉबर्ट बेक नावाचा एकेकाळचा दलाल ‘आइसबर्ग स्लिम’ या नावाने आपल्या धंद्याच्या कहाण्या लिहीत असे. ट्रेसीला त्यातले उतारेच्या उतारे तोंडपाठ होते. मित्र म्हणायचे, ‘ए टी, अजून थोडं आइस ऐकव.’ तिथून ‘आइस-टी’ झाला. म्हणजे नावातच दुसऱ्याच्या गोष्टी आपल्या तोंडून सांगणारा माणूस आहे.

शाळेत असतानाच तो बाप झाला. मुलगी आणि तिची आई यांचं पोट भरायला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्यात भरती झाला आणि पंचविसाव्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर हवाईत राहिला. तिथे स्वस्तात टर्नटेबल आणि स्पीकर घेतले आणि न्यूयॉर्कहून आलेल्या पहिल्या रॅप रेकॉर्डी ऐकल्या. सैन्याबद्दल तो फारसं प्रेमाने बोलत नाही. पण मला या काळाचं महत्त्व वाटतं: जबाबदारी अंगावर आली की हा माणूस ठरलेल्या पगाराच्या, ठरलेल्या वेळेच्या कामाकडे वळतो, हे इथे पहिल्यांदा दिसतं.

परत आल्यावर काही काळ पुन्हा चोऱ्यामाऱ्या, मग एक भीषण मोटार अपघात आणि त्यानंतरचा हॉस्पिटलमधला लांबलचक मुक्काम. बरा होऊन उठल्यावर त्याने रॅप गंभीरपणे घेतलं. १९८४ च्या ‘ब्रेकिन’ या ब्रेकडान्सच्या सिनेमात तो क्लबमधला रॅपर म्हणून झळकतो. पण ती फक्त हजेरी होती.

सकाळचे सहा

१९८६ साली ‘सिक्स इन द मॉर्निन’ आलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. पण गाजलं तेच. वेस्ट कोस्टच्या गँगस्टा रॅपचा, म्हणजे टोळ्यांच्या जगातल्या रॅपचा, पाया घालणाऱ्या गाण्यांत ते धरलं जातं. फिलाडेल्फियाच्या स्कूली डीचं रॅप ऐकून आपल्याला हा बाज सुचला, हे आइस-टी स्वतः सांगतो.

गाणं सुरू होतं तो क्षण नीट पाहण्यासारखा आहे. पहाटे सहाला दारावर पोलिसांची थाप. आतला माणूस उठतो, बाथरूमकडे पळतो. नव्याकोऱ्या बुटांचा फरशीवर आवाज होतो. मागच्या खिडकीतून तो निसटतो. पुढचं सगळं गाणं म्हणजे या पळालेल्या माणसाचा दिवस, आणि मग त्याची वर्षं: रस्ता, बायका, मारामारी, तुरुंग, पुन्हा रस्ता. उपदेश नाही, पश्चात्ताप नाही. निवेदक ‘मी’ म्हणतो आणि घडलं तसं सांगत जातो.

त्या वेळच्या लॉस एंजेलिसमध्ये पहाटेची थाप ही कल्पना नव्हती. पोलिसप्रमुख डॅरिल गेट्स यांचं खातं घरांच्या भिंती फोडायला चिलखती गाडी वापरत होतं. अमली पदार्थांच्या शोधात वस्त्याच्या वस्त्या पिंजून काढल्या जात होत्या. आइस-टीने ती थाप घराच्या आतून सांगितली. पुढे फिन टुटुओला म्हणून तो शेकडो दारांवर थाप मारणार होता, दाराच्या दुसऱ्या बाजूने. दार तेच आहे. हे दार आतून माहीत असल्यामुळेच त्याची थाप पडद्यावर खरी वाटते, असं माझं मत आहे.

१९८७ मध्ये सायर रेकॉर्ड्सच्या सिमूर स्टाइन यांनी त्याला करारबद्ध केलं. सायर वॉर्नरच्या छत्राखाली, हा तपशील पुढे कामाला येईल. ‘राइम पेज’ हा पहिला अल्बम निघाला, आणि पालकांना इशारा देणारी चिठ्ठी मिरवणाऱ्या सुरुवातीच्या रॅप अल्बमांत त्याची गणना होते. १९८८ मध्ये डेनिस हॉपरच्या ‘कलर्स’ या टोळीयुद्धावरच्या सिनेमाचं शीर्षकगीत त्याने केलं. तिथेही तोच बाज, बोलणारा ‘मी’ टोळीतला पोरगा. रेडिओ ही गाणी वाजवत नसे. विक्री तोंडोतोंडी आणि दौऱ्यांवर.

या ‘मी’बद्दल मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागू नये. एकनाथांच्या भारुडात कधी जोशी बोलतो, कधी वासुदेव, कधी गोंधळी, कधी आंधळा, आणि ऐकणारा नाथांना आंधळा समजत नाही. बोलणारा आणि बोलवणारा वेगळे असतात, हे गावच्या चावडीवरही ठाऊक होतं.

आधी पोलिस, मग ‘कॉप किलर’

या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित तपशील क्रमाचा आहे. सगळे धरून चालतात की आधी ‘कॉप किलर’ आलं, मग तो पोलिस झाला. प्रत्यक्षात पोलिसाची पहिली मोठी भूमिका त्याने आधी केली.

मार्च १९९१ मध्ये मारिओ व्हॅन पीबल्सचा ‘न्यू जॅक सिटी’ लागला. क्रॅक या कोकेनच्या प्रकाराच्या धंद्याचा बादशहा नीनो ब्राउन झालेला वेस्ली स्नाइप्स, आणि त्याच्या मागावर असलेला स्कॉटी अॅपलटन हा डिटेक्टिव्ह म्हणजे आइस-टी. एका क्लबच्या स्वच्छतागृहात तो मित्रांशी गप्पा ठोकत असताना दिग्दर्शकाने त्याचं बोलणं ऐकलं आणि भूमिका देऊ केली, असं तो सांगत आला आहे. पोलिस व्हायला तो कचरला होता. रस्त्यावरून आलेल्या रॅपरने वर्दीतला माणूस रंगवायचा म्हणजे ज्यांच्या जिवावर नाव झालं त्यांच्याशी दगा, अशी ती भीती. त्याने विचारपूस केली, धीर केला, आणि सिनेमा जोरात चालला. तो वॉर्नर ब्रदर्सचा होता. म्हणजे १९९१ साली वॉर्नरच्या एका दारातून तो पोलिस म्हणून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी त्याच घरातून ‘पोलिसांचा खुनी’ म्हणून. या दोन्हींत त्याला विसंगती वाटली नाही. एक पात्र होतं, दुसरंही पात्र होतं.

‘कॉप किलर’मधला ‘मी’ हा पोलिसांच्या मारहाणीला कंटाळून, डोकं फिरून बंदूक उचललेला माणूस आहे. संगीत रॅप नाही, सरळ मेटल. १९९१च्या उन्हाळ्यात लोलापालूझा या फिरत्या संगीत महोत्सवाच्या दौऱ्यावर, हजारो गोऱ्या पोरांसमोर, बँडने ते वाजवलं आणि काही झालं नाही. मार्च १९९२ मध्ये अल्बम आला, तेव्हाही काही झालं नाही.

मग २९ एप्रिल उजाडला. रॉडनी किंग या मोटारचालकाला मारहाण करताना व्हिडिओवर सापडलेल्या पोलिसांना ज्यूरीने निर्दोष सोडलं आणि लॉस एंजेलिस पेटलं. साठहून अधिक माणसं मेली. शहराचं नुकसान सुमारे १ अब्ज डॉलरच्या घरात गेलं. गाण्यात डॅरिल गेट्स आणि रॉडनी किंग या दोघांची नावं आहेत. जूनमध्ये टेक्ससच्या पोलिस संघटनांचं लक्ष त्या गाण्याकडे गेलं. निवडणुकीचं वर्ष होतं. क्वेल बोलले, बुश बोलले, काँग्रेसच्या सदस्यांनी पत्रं लिहिली, मोठ्या साखळी दुकानांनी अल्बम कपाटातून उतरवला.

या सगळ्यात सरकारने गाण्यावर बंदी घातली नाही. अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीमुळे ते जमणारही नव्हतं. दाब आला तो भांडवलाच्या वाटेने. पोलिसांच्या पेन्शन फंडांकडे टाइम वॉर्नरचे शेअर होते आणि ते विकून टाकण्याची भाषा सुरू झाली. जुलैमध्ये बेव्हर्ली हिल्सला भागधारकांची वार्षिक सभा भरली. तिथे अभिनेता चार्लटन हेस्टन उभा राहिला आणि त्याने गाण्याचे शब्द आपल्या भारदस्त आवाजात, संथपणे वाचून दाखवले. ढोल नाही, गिटार नाही, घाम नाही. सभा सुन्न झाली. मला हा क्षण या प्रकरणाचा गाभा वाटतो. कारण हेस्टनने जे केलं ते त्याच्या धंद्यातला माणूस म्हणून त्याला स्वतःला पटायला नको होतं. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडचे संवाद बोलत आला होता, आणि इथे त्याने एका पात्राचे संवाद पात्रापासून तोडून गायकाच्या कबुलीजबाबासारखे वाचले.

आइस-टी परोपरीने सांगत होता की हे पात्र आहे. मला पोलिसांचा खुनी समजणार असाल तर अंतराळवीराचं गाणं गाणाऱ्या डेव्हिड बोवीला अंतराळवीर समजा, असा त्याचा युक्तिवाद होता. कृष्णवर्णीय पोलिसांच्या राष्ट्रीय संघटनेने बहिष्काराला विरोध केला आणि हा राग कुठून येतो ते पाहा, असं म्हटलं. टाइम वॉर्नरचे जेराल्ड लेव्हिन यांनी कलाकाराच्या बाजूने लेखही लिहिला. पण बातम्यांत ते ‘रॅप गाणं’च राहिलं. मेटल बँडचं गाणं हा साधा तपशीलही कुणाला नको होता, कारण ‘रॅप’ म्हटलं की शब्द आणि माणूस एकच, असा समज घट्ट बसला होता.

कंपनीच्या लोकांना धमक्या येऊ लागल्या, जिवे मारण्याच्या. तेव्हा त्याने गाणं मागे घेतलं. अल्बम त्याच्याशिवाय पुन्हा काढण्यात आला. गाण्याचा एकल रेकॉर्ड मैफिलीत फुकट वाटू, असं तो म्हणाला. अभिव्यक्तीच्या बाजूने लढणाऱ्या बऱ्याच जणांना हे शेपूट घालणं वाटलं आणि त्यांनी त्याच्यावर राग धरला. माझं मत वेगळं आहे. त्याने शब्द मागे घेतले नाहीत, माफी मागितली नाही. माल परत घेतला, आणि तोही लढाई दुसऱ्यांच्या जिवावर आल्यानंतर. मंचावर तो ते गाणं पुढेही वाजवत राहिला. पण धडा जो मिळायचा तो मिळाला: मोठ्या कंपनीच्या आत बसून असं गाणं करता येत नाही. जानेवारी १९९३ मध्ये ‘होम इन्व्हेजन’ या पुढच्या अल्बमवरून वॉर्नर आणि तो वेगळे झाले. वॉर्नरच्या छत्राखालच्या इतर काही रॅपरांनाही याच सुमारास दारं बंद झाली.

डिक वुल्फ

नव्वदचं दशक मध्यावर आलं तेव्हा रॅपमध्ये त्याचं वय दिसू लागलं होतं. गँगस्टा रॅप आता कोट्यवधींचा धंदा झाला होता, डॉ. ड्रे आणि स्नूप डॉगचा. ज्याने पायवाट पाडली त्याच्या १९९६ च्या अल्बमकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

इथे निर्माते डिक वुल्फ येतात. ‘लॉ अँड ऑर्डर’चा हा जनक तेव्हा फॉक्स वाहिनीसाठी ‘न्यूयॉर्क अंडरकव्हर’ करत होता. दोन्ही मुख्य डिटेक्टिव्ह गोरे नसलेली अशी प्राइमटाइम पोलिस मालिका तेव्हा नवी गोष्ट होती. १९९५ मध्ये आइस-टी तिच्यात खलनायक म्हणून आला. या कामाबद्दल कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं १९९६ चं इमेज पारितोषिक त्याला मिळालं. मग १९९७-९८ मध्ये ‘प्लेयर्स’ ही मालिका. तुरुंगातून सुटून एफबीआयला मदत करणाऱ्या तिघा ठगांची ही कल्पना घडवण्यात आइस-टीचाही हात होता. ती एका हंगामात आटोपली. १९९८ मध्ये वुल्फच्या ‘एक्झाइल्ड’ या टीव्ही-चित्रपटात तो दलाल झाला.

गुंड, ठग, दलाल, मग पोलिस. हा क्रम पाहिला की कळतं की वुल्फने त्याला एका फटक्यात बिल्ला दिला नाही. पाच वर्षं त्याने हा माणूस सेटवर वेळेवर येतो का, संवाद पाठ करतो का, कॅमेऱ्यासमोर टिकतो का, हे पाहिलं. नेटवर्कच्या मालिकेचा एक एपिसोड साधारण आठ दिवसांत चित्रित होतो, वर्षाला बावीसच्या आसपास एपिसोड. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांइतकी घाई नसते, पण वर्षातले नऊ-दहा महिने पहाटे उठून हजर राहावं लागतं. इथे प्रतिभेपेक्षा शिस्त जास्त लागते. रस्त्यावरचा, सैन्यातला आणि दौऱ्यांवरचा आइस-टी या कामाला तयार होता.

‘एसव्हीयू’, म्हणजे ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’, २० सप्टेंबर १९९९ रोजी सुरू झाली. लैंगिक अत्याचारांचा तपास करणारं पथक हा विषय. दुसऱ्या हंगामात डिटेक्टिव्ह जॉन मंचला नवा जोडीदार हवा होता. आइस-टी कचरला तेव्हा वुल्फने त्याला जे विचारलं ते तो अनेकदा सांगतो. तुला पोलिस आवडत नाहीत हे ठीक, पण पोलिसांची गरज आहे हे मान्य आहे ना? मान्य असेल तर आपल्याला जसा पोलिस हवा तसा तू उभा कर. कचरणाऱ्या नटाला पात्रात शिरायचा इतका नेमका रस्ता क्वचितच मिळतो. १९९२ मध्ये सगळा देश त्याला ‘हे तूच आहेस’ असं बजावत होता. इथे एक माणूस त्याला ‘हा तू नाहीस, म्हणूनच तू कर’ असं सांगत होता.

फिन कसा घडला

मंच करणारा रिचर्ड बेल्झर मुळात स्टँड-अप विनोदवीर. जोडीला रॅपर. दोघांपैकी कुणीही नाट्यशाळेतून आलेला नाही. एक सगळ्या जगात कटकारस्थान पाहणारा बडबड्या, दुसरा मोजकं बोलणारा. ही जोडी पडद्यावर जमली आणि बाहेरही.

फिन हा पूर्वी अमली पदार्थ विभागात वेशांतर करून काम केलेला. घटस्फोटित. मुलगा समलिंगी, आणि त्या नात्यातला ताण मालिकेने बरीच वर्षं हळूहळू सैल केला. कुटुंबाच्या या धाग्यात त्याच्या पूर्वपत्नीचा मुलगा म्हणून रॅपर लुडाक्रिस येऊन गेला, आणि ते एपिसोड मालिकेतल्या चांगल्यांपैकी आहेत. दोन पिढ्यांचे दोन रॅपर चौकशीच्या टेबलाच्या दोन बाजूंना, आणि टेबलावर कुटुंबाचं नातं.

त्याच्या अभिनयाची टिंगलही पुष्कळ होते. जॉन मुलेनी या विनोदवीराने एक गाजलेला तुकडा केला: इतकी वर्षं याच पथकात काढूनही आइस-टी प्रत्येक नव्या विकृतीने चकित कसा होतो! टिंगल बरोबर जागी बोट ठेवते, पण त्यामागचं काम दाखवत नाही. तपासाच्या मालिकेत कुणीतरी प्रेक्षकाच्या वतीने विचारायचं असतं, ‘म्हणजे नेमकं काय?’ डॉक्टर किंवा वकील परिभाषेत बोलतात आणि ते कुणीतरी एका वाक्यात रस्त्याच्या बोलीत उतरवतं. हे काम फिनकडे आहे. छोटी वाक्यं, शेवटच्या शब्दावर वजन, मग थांबा. हा ठेका चाळीस वर्षं मायक्रोफोनवर काढलेल्या माणसाचा आहे. तो रडत नाही, ओरडत नाही. त्याचा आवाका मोठा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्या आवाक्यात खोटा सूर लागत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये एकविसावा हंगाम सुरू झाला आणि ‘एसव्हीयू’ अमेरिकेच्या प्राइमटाइममधली सर्वांत दीर्घकाळ चाललेली नाट्यमालिका ठरली. ‘गनस्मोक’ या जुन्या मालिकेत जेम्स आर्नेसने एकच भूमिका वीस हंगाम केली होती. तो आकडाही आइस-टीने ओलांडला. पडद्यावर फिन दरम्यान सार्जंट झाला.

सुरुवातीची दहाएक वर्षं मालिकेचे सेट न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनला होते, पुढे मॅनहॅटनच्या चेल्सी पिअर्सला हलले. आईबाप गेल्यावर ज्या राज्यातून त्याला विमानात बसवून पाठवलं गेलं, त्याच राज्यात तो परत आला आणि तिथेच घर करून राहिला.

बँड सुटला नाही

फितुरीच्या आरोपाला माझं मुख्य उत्तर ‘बॉडी काउंट’ आहे. ज्याला मागचं पुसायचं असतं तो आधी बँड बंद करतो. या बँडला तर बंद पडायला कारणंही होती. ड्रमर बीटमास्टर व्ही १९९६ मध्ये ल्युकेमियाने गेला. बेस वाजवणारा मूसमॅन फेब्रुवारी २००१ मध्ये साउथ सेंट्रलमध्ये गोळीबारात मारला गेला, आइस-टी फिन म्हणून पहिला हंगाम करत असताना. गिटारवादक डी-रॉक २००४ मध्ये कर्करोगाने गेला. क्रेनशॉच्या त्या शाळासोबत्यांतले तिघे असे गेले.

तरी बँड चालू राहिला, नव्या माणसांनिशी, मालिकेच्या सुट्ट्यांमध्ये दौरे काढत. २०१७ मध्ये त्यांचं ‘नो लाइव्ज मॅटर’ आलं. गरिबाचा जीव कुणालाच मोलाचा नाही, कृष्णवर्णीयाचा तर नाहीच, हे थेट सांगणारं. मार्च २०२० मध्ये ‘कार्निव्होर’ अल्बम आला, आणि त्यातल्या ‘बम-रश’ला २०२१ चं सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. टीव्हीच्या पगाराने त्याला एक मोकळीक दिली जी १९९२ मध्ये नव्हती: अल्बम विकला गेला नाही तरी घर चालतं. वॉर्नरसारख्या कंपनीची मनधरणी न करता हवं ते गाता येतं. हा पैसा एनबीसीचा आहे हे खरं, पण त्या पैशावर काय गायचं ते एनबीसी सांगत नाही.

जो आक्षेप उरतो

२०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. जूनमध्ये ‘कॉप्स’ ही जुनी रिअॅलिटी मालिका बंद झाली आणि पोलिसांच्या सगळ्याच मालिकांकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. ‘एसव्हीयू’वरही प्रश्न आले, आणि ते रास्त होते. मालिकेतले पोलिस पीडितेवर विश्वास ठेवतात, रात्रीचा दिवस करतात, आरोपीला धक्काबुक्की केली तर ती न्यायाच्या तळमळीतून. बाहेर अनेक बायकांचा अनुभव उलटा असतो. ‘आपल्याला हवा तसा पोलिस’ वर्षानुवर्षं घराघरांत दाखवला की लोकांना तो आहे तसा पोलिस वाटू लागतो. वुल्फचं ते वाक्य नटासाठी उत्तम होतं. प्रेक्षकांच्या बाबतीत ते तितकं निरुपद्रवी नाही.

आइस-टीचा बचाव करताना मी इथे थांबतो. बँडची गाणी ऐकणारे लाखांत असतील, फिनला पाहणारे कोट्यवधी. त्यातल्या तरुण प्रेक्षकांना हा माणूस कधी रॅपर होता हेही नवल वाटतं. दोन्ही आवाज त्याचेच असले तरी दोघांना सारखं व्यासपीठ मिळालेलं नाही, आणि ज्याला मोठं व्यासपीठ मिळालं तो पोलिसाचा आवाज आहे. आइस-टीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हेतू प्रत्येक घरात मालिकेबरोबर पोचत नाही.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर त्याच्या नावाचा तारा बसला. सहकलाकार मरिस्का हार्गिटे, डिक वुल्फ आणि ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचा चक डी तिथे हजर होते. दोनच दिवसांनी बेल्झर गेला.

त्याच्यामागून आलेल्या रॅपरांनी त्याची वाट धरली, आणि काहींनी ती पुढे नेली. एलएल कूल जे २००९ ते २०२३ असे चौदा हंगाम ‘एनसीआयएस: लॉस एंजेलिस’मध्ये सरकारी एजंट होता. क्वीन लतिफाने २०२१ पासून ‘द इक्वलायझर’मध्ये मुख्य भूमिका केली आणि निर्मातीच्या खुर्चीतही ती बसली. ५० सेंटने २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवर’मध्ये अभिनय केला, पण त्याहून मोठं म्हणजे तो तिचा निर्माता होता. त्या एका मालिकेतून त्याने पुढे मालिकांचं कुटुंबच उभं केलं. आइस-टीने ‘प्लेयर्स’मध्ये तसा प्रयत्न एकदा केला होता, १९९७ साली, जेव्हा रॅपरला निर्माता मानायची नेटवर्कची तयारी फार कमी होती. ‘एसव्हीयू’ची मालकी आणि कथांवरचा शेवटचा शब्द वुल्फ आणि एनबीसीयुनिव्हर्सलकडेच राहिला. फिनने कोणता पोलिस व्हावं हे ठरवण्यात आइस-टीचा वाटा नटाइतकाच होता, आणि ‘बॉडी काउंट’मध्ये काय म्हणायचं हे मात्र तो आणि अर्नी सी आजही आपसात ठरवतात.